चिमट्याचा कोन आणि ०.७ मिलिमीटर : प्रकल्प नोंदी

२० एप्रिल २०२५

सकाळी अमळनेरहून चोपडा रस्त्याने तापीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. येताना रिकाम्या रस्त्यावर हँडलवरचे हात काढले. ही खोड शाळेपासूनची आहे. सायकल सरळ चालेना. थोडी डावीकडे जायची, मग झटका दिल्यासारखी उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दारू प्यायल्यासारखी.

घरी आल्यावर दांडी धरून पुढचं चाक उचललं आणि एका बोटाने हँडल हळूच फिरवलं. बरोबर मधोमध, चाक नाकासमोर आलं की हँडल एका खाचेत बसतं आणि तिथून हलायला नखभर जास्त जोर मागतं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलली तर खालच्या जोडावर ठेवलेल्या बोटाला बारीकशी ‘कट्‌’ लागली.

म्हणजे हेडसेट गेला. आमच्याकडे दुकानात हेडसेट म्हटलं तर तोंडाकडे बघतात, तिथे त्याला ‘हँडलचे कोन-वाटी’ म्हणतात. फ्रेमच्या पुढच्या नळीत वर एक आणि खाली एक अशा दोन वाट्या, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बुडाशी ठोकून बसवलेला एक कोन (भूमितीतला नव्हे, इंग्रजी ‘cone’, म्हणजे पोलादी कडं), वर आट्यांवर फिरणारा दुसरा कोन आणि मध्ये छर्रे, म्हणजे बारीक पोलादी गोळ्या. एवढाच संसार.

सायकल गिअरची, स्टीलच्या फ्रेमची आहे. २००९ साली नाशिकहून जुनीच घेतली. कंपनीचं स्टिकर तेव्हाच उडालेलं होतं. पुढे सगळं रामायण घडलं ते यामुळेच, पण ते नंतर.

२२ एप्रिल

अंगणात पोतं अंथरून उघडायला बसलो. दुपारी लोखंडाला हात लावायची सोय नाही, म्हणून सकाळी सहालाच.

हँडल धरणाऱ्या स्टेमचा बोल्ट दोन फेरे सैल केला आणि डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून एक टोला हाणला. आतली पाचर सुटली, हँडल वर निघालं. वरच्या चेकनटला, म्हणजे वरचा कोन जागेवर आवळून धरणाऱ्या नटाला, ३२ चा पाना लागतो, तो घरात कुणाकडे असणार? शेजारच्या नळवाल्याचा पाइप पाना आणला. नटाच्या दोन कोपऱ्यांवर दातांचे व्रण उठले. सुंदर दिसत नाहीत, पण हँडलखाली कुणी वाकून बघत नाही.

चिमटा खाली ओढला तसे वरच्या वाटीतले छर्रे पोत्यावर सांडले. खालच्या वाटीत छर्ऱ्यांची जाळी होती. ती तीन तुकड्यांत निघाली.

इथे जरा थांबून नीट पाहिलं. ग्रीस सुकून जुन्या काकवीसारखं झालेलं होतं आणि त्याच्या कडेला तांबूस भुकटी होती. चिमट्याचा कोन डिझेलने धुतला, उन्हात तिरका धरला. छर्रे जिथे फिरतात त्या चकचकीत पट्ट्यावर समोरच्या बाजूला सात आणि मागच्या बाजूला सहा ठिपके. ठिपके कसले, खळगेच. बाजूंना जवळजवळ काही नाही. नखाने चाचपलं तर नख प्रत्येक खळग्यात अडकतं. हँडल सरळ असताना छर्रे जिथे उभे राहतात, तिथेच त्यांनी घरं करून ठेवलेली. त्या घरांतून बाहेर पडायलाच हँडल जोर मागत होतं.

कोन काढायला दोन छिन्न्या लागल्या. कोन आणि चिमट्याची मान यांच्यामध्ये बारीक फट असते. एक छिन्नी पुढून, एक मागून, आळीपाळीने हलके टोले. एकाच बाजूने मारलं की तो तिरपा होऊन आणखी घट्ट धरतो. दहा मिनिटांत निघाला, आणि अखंड निघाला. वाट्या नळीत आतून लांब पंच घालून, कडेकडेने फिरत फिरत ठोकून काढल्या.

दोन तास गेले. सायकल आता दोन तुकड्यांत ओट्यावर आहे.

२४ एप्रिल

बाजारातून नवीन सेट आणला. १८० रुपये. दुकानदाराने विचारलं, “बारीक की जाड?” मी म्हटलं, “नेहमीचा द्या.” त्याने नेहमीचा दिला.

वरचा कोन चिमट्याच्या आट्यांवर फिरवून पाहिला. लोण्यासारखा गेला. खूश झालो.

२५ एप्रिल

आजची नोंद लिहायला लाज वाटते, पण नोंदवही आहे म्हटल्यावर लिहायलाच हवी.

नवा कोन चिमट्याच्या दांड्यावरून खाली सरकवला. बुडाशी दांडा थोडा जाड होतो, तिथे कोनाची बैठक असते. कोन बैठकीच्या तोंडाशी आला आणि थांबला. थांबणारच, तो ठोकूनच बसवायचा असतो. पंच घेतला, फिरत फिरत टोले दिले. एक-दोन मिलिमीटर आत गेल्यासारखा वाटला आणि मग हलेना. अशा वेळी हात थांबवायचा असतो, मी हातोडी मोठी घेतली.

चौथ्या टोल्याला ‘टिच्‌’ असा आवाज आला. बांगडी फुटल्यासारखा. कोनाला आरपार चीर. छर्ऱ्यांखाली झिजू नये म्हणून या पोलादाला पाणी दिलेलं असतं, त्यामुळे ते कडक असतं आणि तितकंच ठिसूळही. ताणलं की वाकत नाही, तडकतं.

मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी जूनमध्ये पहिलं प्रात्यक्षिक व्हर्नियर कॅलिपरचं असतं. “आधी मोजा, मग बोला” हे माझं वाक्य पोरं माझ्यामागे नक्कल करून म्हणतात, हे मला माहीत आहे.

२६ एप्रिल

कॉलेजला सुट्टी लागली आहे. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली परिचराच्या घरून आणली आणि रजिस्टरमध्ये रीतसर नोंद करून एक व्हर्नियर घरी घेऊन आलो. ज्याचं लघुतम माप ०.१ मिमी, तोच पोरांच्या हातून दहा वेळा पडलेला. याची शून्य त्रुटी +०.१ मिमी आहे, म्हणजे प्रत्येक वाचनातून तेवढं वजा.

चिमट्याची बैठक: २७.२ वजा ०.१, म्हणजे २७.१.
जुना कोन, आतून: २७.०.
नवा, तडकलेला कोन, आतून, फुटके काठ जुळवून धरून: २६.४.

बस. २७.१ च्या बैठकीवर मी २६.४ चा कोन ठोकत होतो. ठोकून बसवायच्या जोडात बैठक कोनापेक्षा साधारण ०.१ मिमीने मोठी असावी लागते, म्हणजे पकड धरते. इथे फरक ०.७ चा. सातपट.

मग वाट्याही मोजल्या. जुन्या बाहेरून ३०.०, नव्या ३०.२. व्हर्नियरवर दोनच घरांचा फरक, पण सगळ्यांचा सूर एकच.

झालं असं की एक इंची दांड्याच्या सायकलींत मुख्यतः दोन चाली आहेत. जपानी चालीत चिमट्याचा कोन २७.० चा आणि वाट्या ३०.० च्या. आंतरराष्ट्रीय चालीत कोन २६.४ चा आणि वाट्या ३०.२ च्या. दांडा मात्र दोघांचा २५.४ मिमी आणि आटेही इंचाला २४. त्यामुळे वरचा कोन आणि चेकनट कुठल्याही सेटचा कुठल्याही चिमट्यावर हसत हसत फिरतो. मी त्यालाच भुललो. खरी परीक्षा बुडाशी असते आणि तिथे कुणी हात लावून बघत नाही.

“बारीक की जाड?” असं दुकानदाराने विचारलं होतं. तो बरोबरच विचारत होता.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. काम बंद. सकाळी घागर भरली, दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, त्यानंतर कुणाकडूनही कामाची अपेक्षा ठेवणं हा अन्याय आहे. ताई, दाजी आणि भाचा काल सुरतेच्या गाडीने आलेत. गल्लीत निंबाला झोका बांधलाय, पोरींची गाणी चालली आहेत.

ओट्यावर सायकलीचे तुकडे बघून भाच्याचं तोंड उतरलं. त्याला आजोळी आल्यावर हीच सायकल लागते.

दाजी सुरतेला कापडाच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतात, म्हणजे लोखंडाच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचा. म्हणाले, “अहो, दुसरा तसाच कोन आणा आणि तव्यावर तापवा. बेअरिंग आम्ही तसंच चढवतो. गरम झालं की फुगतं, सरकन बसतं.”

बेअरिंगच्या बाबतीत ते अगदी बरोबर आहे. पण वहीच्या पाठीमागे हिशेब करून दाखवला. पोलाद एका अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे ०.००००१२ पट वाढतं. आतला व्यास २६.४ धरला तर १५० अंशांनी तापवून वाढ होते ०.०५ मिमी. आपल्याला हवेत ०.७. तेवढं फुगवायचं तर २२०० अंशांनी तापवावं लागेल, आणि लोखंड १५३८ ला वितळतं.

दाजींनी हिशेब दोनदा पाहिला. म्हणाले, “मग घासा.” आणि झोपले.

२ मे

घासायचं तर काय घासायचं? कोन आतून घासावा तर तो पाणी दिलेला, कानस त्यावरून घसरते. चिमट्याची बैठक घासावी तर ती मऊ आहे, पण हाताने ती गोल राहणार नाही. बैठक वेडीवाकडी झाली की कोन कायमचा तिरपा आणि चिमटा भंगारात. २७ ची बैठक कापून २६.४ ची करायचं हत्यार असतं, ते दांड्यावर बसवून गोल फिरवतात. अमळनेरात ते असेल तर मला दाखवा, मी पेढे वाटीन.

लेथवाल्याकडे चिमटा घेऊन गेलो. त्याने चिमटा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, “सर, दांडा चकमध्ये धरला तर हे दोन पाय पंख्यासारखे फिरतील. माझा हात जाईल.” चहा पाजला आणि परत पाठवलं.

परतताना बोरी नदीच्या पुलावरून पाहिलं. सखाराम महाराजांच्या यात्रेची दुकानं पात्रात उभी राहायला लागली आहेत.

३ मे

संध्याकाळी नाना मिस्तरींकडे गेलो. खरं तर पहिल्या दिवशीच जायला हवं होतं. दुकान म्हणजे एका बोळाच्या तोंडाशी पत्र्याची टपरी, आत उभं राहायला जागा नाही, म्हणून सगळं काम रस्त्यावर. वय सत्तरीच्या पुढे. नजर कमी झाली आहे, आता पंक्चर मुलगा काढतो. नाना बसून हुकूम सोडतात.

चिमटा त्यांच्या मांडीवर ठेवला, तडकलेला कोन हातात दिला. त्यांनी कोनाकडे पाहिलंसुद्धा नाही. चिमट्याच्या बैठकीवरून अंगठा फिरवला, मग कोनाच्या आतून फिरवला.

“सर, हाऊ कोन तुम्हना चिमटाना नही शे.”

व्हर्नियर नाही, शून्य त्रुटी नाही. अंगठा.

मग जुन्या कोनावरच्या खळग्यांवरून बोलणं झालं. नानांचं म्हणणं, खड्ड्यांनी झालं, रस्तेच तसे आहेत. मला ते पटत नाही आणि मी ते सांगितलं. खड्ड्यात आपटून छर्रे रुतले असते तर खळगे हातोडीने मारल्यासारखे स्वच्छ दिसले असते. इथे तांबूस भुकटी होती. म्हणजे छर्रे एकाच जागी उभे राहून, चिमट्याच्या बारीक थरथरीने तिथल्या तिथे घासत होते. छर्रा गोल फिरला की आपल्याबरोबर ग्रीस ओढून घेतो. फिरलाच नाही तर ग्रीस पिळून बाजूला जातं आणि लोखंडाला लोखंड लागतं. उलट खडबडीत रस्त्यावर हँडल सारखं इकडेतिकडे होतं, त्यामुळे ग्रीस परत येतं. कोन मरतो तो गुळगुळीत, सरळ रस्त्यावर.

नानांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्ही कोठे चालाडतस?”

“चोपडा रस्ता. रोज सकाळी.”

“सरळ?”

“सरळ.”

“हात सोडीसन?”

मी गप्प. मुलगा टायरमागे तोंड लपवून हसत होता.

मग नानांनी पोराला सांगून फळीखालून दोन पत्र्याचे डबे काढायला लावले. एकात सगळे जाड कोन-वाट्या, दुसऱ्यात बारीक. मोडीत निघालेल्या सायकलींतून काढलेला चाळीस वर्षांचा माल, पण त्यात काही कोरे सेटही होते, मेणकागदात गुंडाळलेले. एक उघडून दिला. घरी आल्यावर मोजला: कोन २७.०, वाट्या ३०.०. नानांनी १५० घेतले. फुटलेल्या सेटचे तीस रुपये जास्त दिले होते, एवढाच त्याचा अर्थ.

४ मे

आज बसवायचाच म्हणून पहाटे उठलो.

कोन ठोकायला हत्यार काय? चिमट्याच्या दांड्यावरून जाईल आणि कोनाच्या आतल्या काठावरच टेकेल अशी नळी हवी. उत्तर विहिरीवरच्या खोलीत पडलेलं होतं: एक इंची जीआय पाइप, बी क्लास. बाहेरून ३३.७, जाडी ३.२, म्हणजे आतून २७.३. दांडा २५.४. जणू याच कामासाठी बनवलेला. फूटभर तुकडा कापला, तोंड कानशीने काटकोनात आणलं (गुण्या लावून, या वेळी), आतली वेल्डिंगची शीर घासून काढली. नव्या कोनाला थेट मार बसू नये म्हणून जुना कोन उलटा करून मध्ये ठेवला. खळगे पडलेला असला तरी त्याचा एवढा उपयोग झाला.

बैठक पॉलिश पेपरने पुसली, ग्रीसचं बोट फिरवलं. कोन बोटाने बैठकीच्या तोंडाशी आला आणि थांबला. परवासारखाच. पण या वेळी ०.१ साठी थांबला होता.

नाना आले होते. मी बोलावलं नव्हतं. मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून आले, खाट ओढून बसले.

“ठोका सर. आवाज आयका.”

पाइपच्या वरच्या तोंडावर लाकूड, त्यावर हातोडी. धप्‌. धप्‌. प्रत्येक टोल्याला कोन केसभर खाली. आवाज बोदा, ओल्या भिंतीवर मारल्यासारखा. नवव्या की दहाव्या टोल्याला आवाज बदलला. ठण्‌. हातातला पाइप झणझणला, देवळातल्या घंटेला चुकून कोपर लागावं तसा. पुढचा टोला मारला, पुन्हा ठण्‌.

“बसना आते,” नाना म्हणाले. “अजून ठोकशात ते चिमटाले लागी.”

फटीत पातळ कागद घालून पाहिला. चहूबाजूंनी कुठेच शिरला नाही.

वाट्यांना हातोडी लावली नाही. हार्डवेअरच्या दुकानातून १६ मिमीचा आट्यांचा रॉड, दोन नट आणि मोठे वायसर आणले होते. रॉड नळीतून आरपार, एका टोकाला वाटी आणि वायसर, दुसऱ्याला नुसता वायसर, आणि नट आवळत जायचं. खालची वाटी सरळ गेली. वरची तिरपी शिरली. चार फेऱ्यांनंतर लक्षात आलं, तेव्हा परत काढली, काठ पुसला, पुन्हा लावली. एका वेळी एकच वाटी बसवावी. दोन्ही एकदम ओढायला गेलो असतो तर कुठली तिरपी जाते आहे ते कळलंच नसतं.

छर्रे ५/३२ इंचाचे. सुतात मोजलं तर सव्वा सूत. नव्या सेटबरोबर जाळ्या होत्या, त्या वापरल्या नाहीत. जाळी उलटी बसली तर पत्रा कोनाला घासतो, आणि सुट्या छर्ऱ्यांची संख्या जाळीतल्यापेक्षा जास्त बसते, म्हणजे भार जास्त जणांत वाटला जातो. वाटीत ग्रीसचा जाड थर दिला आणि छर्रे एकेक करून त्यात रोवले. हे काम भाच्याला दिलं. २५ मावले, एक काढून घेतला, कारण फिरायला थोडी जागा हवी. २४ खाली, २४ वर. त्याने प्रत्येक वाटी तीनदा मोजली. बरा मोजतो.

चिमटा खालून घातला, वरचा कोन हाताने फिरवत आणला, वायसर, चेकनट. आता खरं नाजूक काम. कोन घट्ट केला तर हँडल जड, सैल ठेवला तर ‘कट्‌’. शिवाय चेकनट आवळला की तो कोनाला थोडा खाली दाबतो. म्हणून कोन आधी किंचित सैल ठेवायचा, चेकनटने तो बरोबर व्हायचा. पहिल्या वेळी जड झालं. दुसऱ्या वेळी ब्रेक दाबून ढकलल्यावर बोटाला हललेलं कळलं. तिसऱ्या वेळी जमलं. चाक उचलून सायकल जराशी वाकवली की हँडल आपल्या वजनाने एका बाजूला पडतं, मध्ये कुठे अडखळत नाही.

भाचा बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आला. “मामा, लोणी!” म्हणाला.

५ मे

चोपडा रस्ता, तापीचा पूल. हात सोडले. सरळ.

८ मे

एकादशी, सखाराम महाराजांच्या यात्रेचा रथ. गावात सायकल काढायचा प्रश्नच नाही, पायी गेलो.

११ मे

आठवड्याच्या वापरानंतर तपासणी. ब्रेक दाबून ढकललं, अगदी पुसटशी हालचाल. नव्या वाट्या पहिल्या काही दिवसांत थोड्या बसतात, ते धरूनच चाललो होतो. चेकनट सैल करून कोन एक अष्टमांश फेरा आत, चेकनट पुन्हा आवळला. या वेळी ३२ चा पाना होता. दाजींनी जाताना सुरतेहून पाठवतो म्हटलं होतं आणि खरंच पाठवला. पाइप पाना नळवाल्याला परत केला.

आता दर सहा महिन्यांनी उघडून नवं ग्रीस भरणार. म्हणजे दिवाळीच्या आसपास.

संध्याकाळी २६.४ च्या सेटमधल्या उरलेल्या वाट्या, वरचा कोन आणि चेकनट नानांकडे घेऊन गेलो. पुन्हा कुणाचा घोळ होऊ नये म्हणून प्रयोगशाळेची सवय पाळून पुडीवर स्केचपेनने लिहिलं होतं: वाट्या ३०.२, खालचा कोन नाही. नानांनी पुडी फाडली, कागद बोळात टाकला, एक वाटी काढून तिच्या काठावरून अंगठा फिरवला आणि सगळं बारीकच्या डब्यात टाकलं.